स्कॅन झालं, म्हणजे जपलं गेलं?

वरोरा-चिमूर पट्ट्यात जुन्या घरांच्या माळ्यावर अजून पत्र्याच्या पेट्या आहेत. त्यांत बेचाळीसच्या काळातल्या तुरुंगाच्या चिठ्ठ्या, पोस्टकार्डं आणि १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना मिळालेली ताम्रपत्रं निघतात. अहेरी-घोटकडे गेलं की एखादी गंजलेली भरमार बंदूकही. आता घरातली शिकली-सवरली मुलं फोननं फोटो काढतात आणि म्हणतात, ‘झालं, आता काळजी नाही.’ पहिला गैरसमज तिथंच आहे.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवला की तो दाबून लहान केला जातो. बारीक अक्षरं फुटतात आणि फोटो कधी, कुठं काढला ही नोंदही सहसा गळून जाते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर एवढं नुकसान होत नाही. कागदाची मागची बाजूही घ्या. पोस्टकार्डावरचा शिक्का तारीख सांगतो, आणि तो बहुधा पत्त्याच्या बाजूला असतो. शेजारी एक मोजपट्टी ठेवली की आकार कळतो. संग्रहाचं काम करणारे लोक मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवतात आणि पाहायला जेपेग वेगळी काढतात, कारण जेपेग पुन्हा पुन्हा बदलून जतन केली की दर वेळी थोडी बिघडते.

‘हार्ड डिस्कमध्ये आहे ना!’ डिस्क यंत्र आहे, काही वर्षांत बंद पडते. कपाटात पडून राहिलेला पेनड्राइव्हही हळूहळू मजकूर हरवतो. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, असा साधा नियम पाळतात. मोठ्या संग्रहात प्रत्येक फाइलचा एक आकडा काढून ठेवतात, त्याला चेकसम म्हणतात. फाइल बिघडली की आकडा जुळत नाही आणि तपासताच बिघाड पकडला जातो.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे : स्कॅन झालं, आता मूळ कागद टाकला तरी चालेल. शाई कोणती, घडी कुठं पडली, नाव खोडून दुसरं लिहिलंय का, हे शेवटी मूळ कागदच सांगतो. लॅमिनेशनचं दुकान तर अशा कागदाचा वैरीच. गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की कागद न फाडता निघत नाही. ताम्रपत्र दिवाळीला चिंच-मिठानं घासून लख्ख करणारी घरं आहेत. दर घासणीला अक्षरं थोडी झिजतात. मऊ कोरड्या कापडानं पुसलं तेवढं पुरे.

पुढचा गैरसमज कळायला आता थोडं मागं, १८५८ कडे. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यात कंपनी सरकारविरुद्ध उठाव केला. २९ एप्रिल १८५८ रोजी चिंचगुंडीजवळच्या तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल मारले गेले, पीटर निसटला. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला, तिच्या माणसांनी बाबुरावांना पकडून दिलं, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला त्यांना फाशी झाली. एकाच मुलखातले, नात्यागोत्यातले लोक दोन्ही बाजूंना होते. यादवी वेगळी काय असते?

या उठावाचे सगळे कागद ‘लंडनला गेले’ असं आपल्याकडे ठासून सांगतात. काही गेले, ते तिथल्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस विभागात आहेत. पण चांद्याचा कारभारच इतक्या हातांतून गेला की कागद विखुरले : १८५४ पासून नागपूरचा कमिशनर, १८६१ मध्ये मध्य प्रांत, पुढे मध्य प्रदेश, १९५६ मध्ये मुंबई राज्य. शोधायचं तर नागपूर, भोपाळ, दिल्ली, मुंबई सगळीकडे पाहावं लागतं. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ संकेतस्थळावर घरबसल्या शोध सुरू करता येतो.

पण मिळालेला सरकारी कागद म्हणजेच खरी हकिकत, असंही धरू नये. मेजर ल्युसी स्मिथच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालात हा उठाव येतो, तो जिंकणाऱ्याच्या लेखणीतून. गोंडी माणसाची बाजू गाण्यांत, कुळाच्या आठवणींत आहे. ती ध्वनिमुद्रित करणं हे कागद स्कॅन करण्याइतकंच मोठं काम आहे. माझ्या मते आधी करण्याचं, कारण कागद अजून थोडे थांबतील, म्हातारी माणसं नाही.

‘शोधलं, सापडलं नाही, म्हणजे घडलंच नाही’ हा नव्या पिढीचा गैरसमज. चिमूर पूर्वी वरोरा तहसिलीत होतं. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीला, तिथं गोळीबार झाला, चिडलेल्या जमावानं उपविभागीय दंडाधिकारी डुंगाजी आणि नायब तहसीलदार सोनवणे यांना ठार केलं, आणि मग आलेल्या सैन्यानं बायकांवर अत्याचार केले. चौकशीसाठी प्रा. भणसाळींनी साठाहून जास्त दिवस उपोषण केलं. त्याच्या बातम्यांवर सरकारनं बंदी घातली. त्या दिवसांची वर्तमानपत्रं संगणकावर चाळून काही मिळालं नाही, तर ती शांतता बंदीची आहे.

‘सरकार वस्तू उचलून नेईल’ या भीतीनं पेट्या उघडतच नाहीत. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या कागदपत्रांना लागू होतो. घरी ठेवायला त्यात बंदी नाही. काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, देशाबाहेर नेता येत नाही, आणि सरकारला वस्तू घ्यायचीच झाली तर रीतसर आदेश काढून मोबदला द्यावा लागतो.

डिजिटल केलं म्हणजे सगळ्यांना दाखवलं, हेही खरं नाही. ग्वाटेमालात छत्तीस वर्षांची यादवी १९९६ मध्ये संपली. पोलिसांचं दप्तर २००५ मध्ये अचानक सापडलं, सुमारे आठ कोटी पानं. त्याच्या प्रती स्वित्झर्लंडला आणि टेक्सास विद्यापीठात ठेवल्या, म्हणजे पुढे कुणाला पुरावा नाहीसा करायची इच्छा झाली तरी तो उरावा. खटल्यांत ते कागद उपयोगी पडले. पण गडचिरोलीतल्या गेल्या चाळीसेक वर्षांच्या हिंसेचे कागद उद्या कुणी जमवले, तर साक्षीदाराचं नाव इंटरनेटवर टाकणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. अशा नोंदी ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवाव्या लागतात. प्रत आज करावी, दाखवावी नंतर.

कुणाचं, कुठून आलं, कुणी सांगितलं : ही तीन उत्तरं नसतील तर उत्तम स्कॅनसुद्धा नुसतं चित्र. म्हणून घरी पेटी असेल तर कॅमेरा काढण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवा, ते सांगतील ते तारखेसह वहीत लिहा, आणि फाइलींची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात किंवा महाविद्यालयात नोंद करून द्या. पेटी मात्र घरीच, कोरड्या जागी ठेवा.