मुक्या मुलाच्या रेघा

१९६६च्या दुष्काळात हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकरांनी भास्कर कुलकर्णी नावाच्या मुंबईच्या चित्रकाराला बिहारमध्ये मिथिलेला पाठवलं होतं. भिंतींवर चित्रं काढणाऱ्या बायकांच्या हाती कागद द्यायचा, ती चित्रं विकायची आणि चार पैसे घरात यायचे, असा तो बेत. तो साधला. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कुलकर्णी कागदांची गुंडाळी घेऊन डहाणूजवळच्या गंजाडला आले. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता.

इथल्या वारली आदिवासींच्या पाड्यांवर लग्नाआधी चौक लिहितात. कारवीच्या कुडाची भिंत शेणाने सारवायची, तिच्यावर गेरू द्यायचा आणि ठेचलेल्या बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाच्या रेघा ओढायच्या. मध्ये चौकोन आणि त्यात पालघट देवी. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, डोक्याच्या जागी एक गोल. हे काम सवासिणींचं. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, चौक पुरा होतो, मग लग्न लागतं. पुरुषांनी यात हात घालायचा नाही. अमूर्त चित्रकला युरोपात जन्मली, असं आपण ऐकत आलो. गोल, त्रिकोण आणि चौकोन एवढ्यावर आख्खा संसार पेलणाऱ्या या बायकांची नोंद त्या कहाणीत नसते.

कुलकर्णींनी कागद पुढे केला, पण बायका बिचकल्या, असं सांगतात. देवाचं काम बाजारात कसं न्यायचं? कागदाला हात घातला तो एका पुरुषाने, जिव्या सोमा म्हसे याने.

या माणसाची कहाणी आधीच विलक्षण होती. जन्म १९३४चा. लहानपणीच आई गेली आणि पोराचं बोलणंच थांबलं. कित्येक वर्षं तो धुळीत बोटाने रेघा ओढून आपलं म्हणणं सांगत राहिला. जवळपास त्याच काळात, १९४२ साली, एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने क्षयाच्या आजारपणातल्या स्वतःच्या अनुभवावरून ‘आर्ट थेरपी’ हे नाव रुजवलं. गंजाडच्या पोराला ना चिकित्सक मिळाला ना सॅनेटोरियम. औषध त्याचं त्यानेच शोधलं होतं आणि ते होतं सवासिणींच्या भिंतीवरचं. माझ्या मते खरा शोध हाच. कुलकर्णींना सापडला तो या शोधाचा धनी.

कागदावर आल्यावर जिव्याने लग्नाचा चौक ओलांडला. शेतं, मुंग्या, पाखरं, तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारी माणसांची साखळी, असं काय काय आलं. त्याचं मासेमारीचं जाळं पाहा. केसासारख्या बारीक रेघांनी कागदाचा मोठा भाग व्यापलेला, त्यापुढे माणसं किडामुंगीएवढी. जाळं आहे हे विसरून नुसती लय पाहत राहावं, असं ते चित्र आहे. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, १९८९मध्ये पॅरिसचं पॉम्पिदू केंद्र, २००३मध्ये ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंतासोबत प्रदर्शन, २०११ला पद्मश्री. (लाँग दगडामातीची वर्तुळं मांडणारा. या दोघांना दुभाष्याची गरज फारशी पडली नसावी.) १५ मे २०१८ रोजी जिव्या गेला. आज त्याची मुलं चित्रं काढतात, आणि वारली चित्रं चादरींपासून चहाच्या कपांपर्यंत सगळीकडे दिसतात.

कुलकर्णींचं नाव राहिलं, जिव्याचंही राहिलं, आणि ते योग्यच. पण ज्यांच्या भिंती पाहून तो शिकला, त्या सवासिणींची नावं सहसा कुठल्या सूचीत सापडत नाहीत. चौक लिहिणाऱ्या बायकांना भेटायचं, तर विरारहून डहाणूला २०१३पासून लोकल जाते. खरं तर तेवढंही लांब जायला नको. वसईच्या पूर्वेला, तुंगारेश्वराच्या पायथ्यालाही वारली पाडे आहेत. लग्नसराईत तिथलं बोलावणं आलं तर जरूर जा, आणि चौक लिहिणाऱ्या बाईला तिचं नाव विचारून ते लिहून ठेवा.