परिचर्याशिक्षणातील स्मरणसूत्रे : आगाशीच्या सुकेळ्याचा दृष्टान्त

परिचर्येच्या परीक्षेसाठी विद्यार्थिनी जी स्मरणसूत्रे पाठ करतात, त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : अक्षरबद्ध व कारणबद्ध. नवजात अर्भकाच्या तपासणीची ॲपगार गुणपद्धती हे पहिल्या वर्गाचे प्रसिद्ध उदाहरण होय. डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी ही पद्धती १९५३ साली प्रसिद्ध केली. वर्ण, नाडी, प्रतिक्षिप्त क्रिया, स्नायूंची हालचाल व श्वसन यांची इंग्रजी नावे त्यांच्या आडनावाच्या पाच अक्षरांवर मागाहून बसविण्यात आली. हे सूत्र उपयुक्त खरे. परंतु मराठीतून शिकलेल्या विद्यार्थिनीस आधी ते इंग्रजी शब्दच पाठ करावे लागतात. शिवाय, अक्षर क्रम सांगते, कारण सांगत नाही.

कारणबद्ध सूत्र परिचित वस्तूवर उभारता येते. वसई तालुक्यातील आगाशीचा परिसर सुकेळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळविली म्हणजे पाणी उडून जाते. पोटॅशियम मात्र फळातच राहते. ताज्या केळ्यात दर १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते; तेवढ्याच वजनाच्या सुकेळ्यात ते अर्थातच पुष्कळ अधिक असते. 'पाणी गेले, क्षार उरला' हे सूत्र ध्यानी आले, की मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णास सुकेळे का वर्ज्य, हे निराळे पाठ करावे लागत नाही. पोटॅशियम शरीराबाहेर टाकण्याचे कार्य मुख्यतः मूत्रपिंडाचे. ते मंदावले म्हणजे रक्तातील प्रमाण ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर या स्वाभाविक मर्यादेपलीकडे जाते व हृदयाची लय बिघडते.

तथापि दृष्टान्ताची मर्यादाही शिकविली पाहिजे. फ्युरोसेमाइड या मूत्रल औषधाने शरीरातील पाणी जाते, पण त्यासोबत पोटॅशियमही जाते. सुकेळ्याच्या नेमके उलट असे हे घडते, आणि या विरोधामुळेच ते स्मरणात राहते. स्नायूंचा अशक्तपणा हे या घटीचे एक लक्षण. डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णास तर ती विशेष घातक ठरते. ही तूट भरून काढण्यासाठी पोटॅशियम क्लोराइड शिरेतून द्यावयाचे असल्यास ते विरल करून सावकाशच द्यावे लागते. विरल न करता एकदम दिल्यास हृदय बंद पडू शकते.

उत्तरपत्रिकेत अक्षर विसरले तर गुण जातो. रुग्णाच्या खाटेपाशी कारण विसरले तर प्राणावर बेतते. यास्तव स्मरणसूत्राची निवड हा केवळ विद्यार्थिनीच्या सोयीचा प्रश्न नसून अध्यापकाच्या विचाराचा विषय आहे.