समुद्रतळाची वाळू सोनार कशी ओळखतो?

उज्जैनच्या फ्रीगंजमधून उन्हाळ्याच्या सुटीत गोव्यातल्या कलंगुटला गेलेल्यांना जी रुंद पुळण दिसते, ती जुलैत तशी उरत नाही. पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात. तिचा बराचसा भाग जवळच पाण्याखाली लांबट उंचवटा होऊन बसतो आणि समुद्र शांत झाला की हळूहळू परततो. हा उंचवटा कुठे आहे, वाळू कुठे संपून चिखल लागतो, हे गढूळ पाण्यातून दिसत नाही. तिथे प्रकाश लवकर विझतो, ध्वनी मात्र तळ गाठतो; त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ ओळखणारे यंत्र म्हणजे सोनार.

आधी खोली. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. प्रतिध्वनी ०.०२ सेकंदात आला, तर जाऊन-येऊन अंतर ३० मीटर, म्हणजे तळ १५ मीटरवर. मल्टिबीम सोनार एकाच वेळी शेकडो ठिकाणची खोली घेतो. उथळ पाण्यात त्याचा पट्टा अरुंद पडतो, म्हणून बोटीला जवळजवळच्या समांतर फेऱ्या माराव्या लागतात. भरती-ओहोटी आणि बोटीचे हेलकावे हिशेबातून वजा करतात. मांडवी नदीच्या मुखाशी गोडे पाणी मिसळून ध्वनीचा वेग बदलतो, तोही मोजावा लागतो.

मग पोत. साइड स्कॅन सोनार बोटीमागे केबलने ओढतात. तो दोन्ही बाजूंना तिरपा ध्वनी सोडतो आणि किती परतला ते नोंदवतो. खडक, शिंपल्यांची जाड वाळू भरपूर परतवतात; मऊ चिखल थोडाच. उंचवट्यामागे ध्वनी पोचत नाही, तिथे सावली पडते. कलत्या उन्हात शेतातल्या सऱ्या उठून दिसाव्यात, तशा वाळूवरच्या वळ्या चित्रात उमटतात. सावलीच्या लांबीवरून उंची काढता येते.

तरीही सोनारला कळतो तो खडबडीतपणा, वाळू नव्हे. म्हणून निवडक ठिकाणी ग्रॅब हा लोखंडी जबडा सोडून नमुना वर काढतात, चाळण्यांतून कणांचा आकार ठरवतात आणि मगच नकाशावर सीमा आखतात.

गोव्यातच दोनापावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे; तिची स्थापना १९६६ची. गोव्याच्या किनाऱ्याच्या अभ्यासातून दिसलेला क्रम असा: काठाशी वाळू, पुढे साधारण ५० मीटर खोलीपर्यंत नद्यांचा चिखल, त्यापलीकडे पुन्हा जाड, शिंपलेमिश्रित वाळू. ही बाहेरची वाळू जुनी आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी जवळपास १२० मीटर खाली होती, तेव्हा किनारा तिकडे होता. मधल्या चिखलामुळे ती आजच्या पुळणीला मिळत नाही. पुळणीची उलाढाल काठच्या वाळूवरच चालते. म्हणून धूप थांबवायला दगड टाकण्याआधी पावसाळ्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन नकाशे हवेत. त्यांच्या वजाबाकीतूनच वाळू खरोखर गेली की नुसती सरकली, ते कळते.