एका नमुन्याची सावली दुसऱ्यावर

मुलुंडच्या होक्स्ट संशोधन केंद्रात 1970च्या दशकात माईनमुळातून फोर्स्कोलिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. वनस्पतीतल्या असंख्य घटकांमधून कामाचा तेवढा रेणू निवडायचा, ही मुंबईच्या उपनगरांची जुनी विद्या आहे. आज गोरेगाव, चकाला, कांदिवलीत औषध कंपन्यांची मुख्यालयं आहेत आणि या धंद्याच्या प्रयोगशाळांत ती निवड एचपीएलसी (हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफी) हे यंत्र करतं. नमुन्यातले घटक यंत्र वेगळे करतं. एक नमुना दुसऱ्यापासून वेगळा ठेवणं मात्र केमिस्टच्या हाती असतं.

ऑटोसॅम्पलरची सुई व्हायलमध्ये उतरते, काही मायक्रोलिटर उचलते, व्हॉल्व्ह फिरतो आणि नमुना कॉलमकडे जातो. सुईच्या बाहेरच्या अंगावर, तिच्या सीटमध्ये, रोटर सीलच्या ओरखड्यांत किंचित औषध मागे राहतं आणि पुढच्या इंजेक्शनबरोबर निघतं. हा कॅरीओव्हर.

समजा तो 0.05 टक्के आहे. गोळीतलं औषध मोजताना एवढ्याने काही बिघडत नाही. पण माणसाच्या रक्तातलं औषध मोजताना पद्धतीची कक्षा मिलिलिटरला 1 ते 1000 नॅनोग्रॅम असू शकते. सर्वांत वरच्या नमुन्यानंतर 0.5 नॅनोग्रॅम मागे उरतं. औषध नियमांचा मेळ घालणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेची 2022 साली स्वीकारलेली एम10 मार्गदर्शिका त्यानंतरच्या ब्लँकमध्ये, म्हणजे औषध नसलेल्या नमुन्यात, खालच्या मर्यादेच्या 20 टक्केच, म्हणजे इथे 0.2, चालवून घेते. तेच यंत्र, तोच आकडा, आणि पद्धत नापास! कॅरीओव्हर शून्य असतो असं सांगणाऱ्यापेक्षा तो किती आहे हे मोजून दाखवणाऱ्या प्रयोगशाळेवर मी विश्वास ठेवेन.

म्हणून मला ब्लँक हे सगळ्यांत महत्त्वाचं इंजेक्शन वाटतं. तीव्र स्टँडर्डनंतर लागोपाठ तीन ब्लँक द्यावेत. पीक दर वेळी घटत गेला, तर मागचं औषध धुऊन निघतंय. तो तेवढाच राहिला, तर डायल्युअंट, व्हायल किंवा मोबाइल फेजच मळलेला आहे. मग सुई कितीही धुवा, उपयोग नाही. हे न तपासता रोटर सील बदलायला धावणं म्हणजे पैसे आणि दिवस दोन्ही वाया.

धुण्याच्या द्रवातही रसायनशास्त्र आहे. क्लोरहेक्सिडिन इतकं चिवट की यंत्रांचा कॅरीओव्हर दाखवायला उत्पादक तेच वापरतात. अशा आम्लारिधर्मी औषधांसाठी अ‍ॅसिटोनायट्राइल-पाण्यात थोडं फॉर्मिक आम्ल घालतात. पण नमुन्यात फॉस्फेट बफर असेल, तर निव्वळ अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये त्याचे क्षार साकळतात आणि सुईच तुंबते.

एवढं करूनही कॅरीओव्हर उरलाच, तर एम10नुसार नमुन्यांचा क्रम वाटेल तसा लावता येत नाही. जिथे तीव्रता जास्त अपेक्षित आहे, त्या नमुन्यानंतर ब्लँक घालता येतो. रन लांबतो. औषध घेण्याआधी काढलेल्या रक्तात ते औषध सापडू नये, यासाठी ते लांबणं मला पूर्ण मान्य आहे.