रंगाऱ्याच्या मुलीची पत्रे

ज्याच्या हाती सत्ता नाही, पद नाही, शाळेचा दाखलाही नाही, अशा माणसाने राजांना आणि धर्मपीठाच्या अधिपतीला खडे बोल सुनवावेत आणि त्यांनी ते निमूटपणे ऐकून घ्यावेत, असे इतिहासात फार क्वचित घडते. चौदाव्या शतकातील इटलीत ते घडले. सुनावणारी व्यक्ती सिएना नगरातील एका रंगाऱ्याची अविवाहित मुलगी होती. संत कॅथरीन या नावाने पुढे जग तिला ओळखू लागले. १४६१ साली पोप पायस दुसरे यांनी तिला संतपद दिले. तेही सिएनाच्याच घराण्यातले. १९३९ साली असीसीच्या फ्रान्सिसबरोबर ती इटलीची संरक्षक संत ठरली. १९७० साली तिला ‘डॉक्टर ऑफ द चर्च’, म्हणजे धर्माचार्याचे स्थान मिळाले. त्याच्या एकच आठवडा आधी आविलाच्या तेरेसाला ते मिळाले होते. तोवरच्या साऱ्या शतकांत हा मान एकाही स्त्रीला लाभला नव्हता, आणि आजवरही तो केवळ चार स्त्रियांना लाभला आहे. मात्र सन्मानांच्या या मखरात बसलेली कॅथरीन पाहून खरी कॅथरीन कळत नाही.

तिचा जन्म १३४७ सालचा. वडील याकोपो बेनिनकासा लोकरीचे कापड रंगवीत. घर फॉन्तेब्रांदा या झऱ्याच्या वस्तीत होते. सुमारे पंचवीस भावंडांतील ती अगदी धाकट्यांपैकी एक. ती वर्षाची होते न होते तोच १३४८ची महामारी सिएनावर कोसळली. त्या आघाताने थांबलेले तेथील प्रधान देवालयाच्या विस्ताराचे काम पुन्हा कधीच पुरे झाले नाही. त्या अपुऱ्या भिंती आजही उभ्या आहेत. अशा नगरात वाढलेल्या मुलीच्या लग्नाची घरच्यांना घाई झाली, तेव्हा तिने आपले केस कापून टाकले. शिक्षा म्हणून तिची स्वतंत्र खोली काढून घेण्यात आली आणि घरकाम तिच्यावर टाकण्यात आले. तिने मनातच एक खोली बांधली. तेथून तिला कोणी हुसकावू शकत नव्हते. पुढे ती डॉमिनिकन संघाशी संलग्न अशा व्रतस्थ स्त्रियांत सामील झाली. या स्त्रिया मठात कोंडून न घेता आपापल्या घरी राहत. बहुतेक विधवा असत. रुग्णांची सेवा करायला त्यांना रस्त्यावर उतरता येई. कॅथरीनच्या पुढील आयुष्याला हेच मोकळे दार उपयोगी पडले.

तिचे नाव निघाले की पहिली गोष्ट सांगितली जाते ती पोपना रोमला परत आणल्याची. १३०९ पासून पोपांचे वास्तव्य फ्रान्सलगतच्या आव्हिन्यों येथे होते. १३७६ साली कॅथरीन तेथे गेली. पोपशी युद्ध करणाऱ्या आणि त्यामुळे धर्मबहिष्कार ओढवून घेतलेल्या फ्लॉरेन्सच्या वतीने ती रदबदली करीत होती. ती बोले तस्कन बोलीत; तिचे गुरुबंधू, शिष्य आणि पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू असे सारेच असलेले कापुआचे रेमंड ते लॅटिनमध्ये पोपना सांगत. फ्लॉरेन्सच्या वकिलांनी नंतर तिला ओळख दाखविली नाही, तो भाग वेगळा. त्याच वर्षी पोप ग्रेगरी अकरावे निघाले आणि जानेवारी १३७७ मध्ये रोमला पोहोचले.

हा विजय एकट्या कॅथरीनचा मानणे अतिशयोक्तीचे होईल. परतण्याचा विचार ग्रेगरींच्या मनात आधीपासून होता. तिने त्यांच्या डगमगत्या निश्चयाला टेकू दिला, एवढेच म्हणता येईल. आणि त्या विजयाचे फळ तरी काय? दीड वर्षाच्या आत ग्रेगरी निवर्तले, नवे पोप अर्बन सहावे यांच्या संतापी स्वभावाने कार्डिनल दुरावले, त्यांनी दुसरा पोप निवडला आणि पश्चिमेकडील चर्च दुभंगले. ही फूट सांधायला १४१७ साल उजाडावे लागले. तिने पुरस्कारिलेली धर्मयुद्धाची मोहीमही कधी निघाली नाही, आणि ती निघाली नाही हे बरेच झाले. फळावरूनच माणूस जोखायचा, तर कॅथरीनच्या राजकारणाला अपयशच म्हणावे लागेल.

मग सहाशेहून अधिक वर्षे हे नाव टिकले कशाने? तिच्या दृष्टान्तांनी, असे श्रद्धाळू म्हणतील. परंतु दृष्टान्त त्या काळी इतर अनेकींना होत होते. टिकली ती तिची पत्रे. सुमारे ३८० पत्रे आज उपलब्ध आहेत. ती लिहायला शिकली, असे सांगतात, ते अगदी उशिरा. बहुतेक पत्रे तिने लेखनिकांना तोंडी सांगितली, आणि तीही विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तर बाजारात, घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत. लोकभाषेत तत्त्वज्ञान आल्यावर काय होते, हे ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला निराळे समजावण्याची गरज नाही. पत्रे ज्यांना लिहिली त्यांची नुसती नावे पाहावीत: पोप, नेपल्सची राणी योआन्ना, मिलानचा सत्ताधीश बेर्नाबो व्हिस्कोंती, भाडोत्री फौजेचा इंग्रज सरदार जॉन हॉकवुड, आणि त्यांच्याच शेजारी शिंपी, कैदी, आपली आई. पत्त्यावरील माणूस थोर असला म्हणून तिचा आवाज खाली येत नाही, आणि सामान्य असला म्हणून चढतही नाही. अर्बनना तिने रागाला आवर घालण्यास सांगितले, आणि एका नाताळात पाकात मुरवून सोन्याचा वर्ख लावलेली संत्री पाठविली. सोबतच्या पत्रात कडू फळाचा कडवटपणा पाण्यात कसा उतरवावा आणि त्यात गोडी कशी भरावी, याची कृती सांगितली. पोपला उपदेश करण्याची ही रीत पाकशाळेतूनच सुचावी, धर्मपरिषदेतून नव्हे.

तिच्या उपवासांचे मात्र गोडवे गाऊ नयेत. हळूहळू तिचे अन्न सुटले, १३८०च्या आरंभी काही काळ तिने पाणीही सोडले, आणि २९ एप्रिल रोजी रोममध्ये, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी तिचा अंत झाला. रुडॉल्फ बेल या इतिहासकाराने १९८५ साली या उपासमारीची तुलना आजच्या तरुण मुलींना जडणाऱ्या अन्नत्यागाच्या विकाराशी केली; कॅरोलिन वॉकर बायनम यांनी १९८७ साली वेगळी बाजू मांडली, की स्वयंपाक आणि अन्न एवढाच प्रांत ज्या स्त्रियांच्या हाती होता, त्यांची भक्तीही त्याच प्रांतात व्यक्त झाली. यातले काहीही खरे असो, स्वतः कॅथरीनने आपल्याला खाता येत नाही ही व्याधी असल्याचे लिहिले आहे, आणि देहदंडालाच धर्म समजू नये, असे इतरांना बजावले आहे. तिच्या भक्तांनी हा भाग फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

तिच्या पत्रांतील एक पत्र मात्र इतर सर्वांहून निराळे आहे. १३७५च्या सुमारास पेरुजियाच्या एका तरुणाला सिएनात मृत्युदंड झाला. परंपरा त्याला निकोलो दी तोल्दो म्हणते. सरकारविरुद्ध बोलणे हा त्याचा गुन्हा, असे सांगतात. भयाने आणि संतापाने तो वेडापिसा झाला होता. कॅथरीन त्याला तुरुंगात भेटली, त्याच्याबरोबर प्रार्थनेला बसली, आणि वधाच्या जागी आधी येऊन थांबण्याचे वचन तिने त्याला दिले. ती आली. त्याची वाट पाहताना तिने त्या ठोकळ्यावर आपलीच मान ठेवून पाहिली. तो आल्यावर ती त्याच्याजवळ बसली, आणि त्याचे शिर तिने आपल्या हातांत झेलले. वस्त्रांवरचे रक्त धुवावेसे तिला वाटले नाही. शिक्षा रद्द करण्याची शक्ती तिच्यापाशी नव्हती. या प्रसंगात चमत्कारही नाही. एका माणसाला एकटे मरू द्यायचे नाही, एवढेच तिने मनाशी ठरविले होते. पोपच्या दरबारातील तिच्या सर्व भाषणांपेक्षा ही सकाळ अधिक मोलाची मानावी लागेल.

हे पत्र तिने रेमंडना लिहिले होते. १३७८ साली अर्बननी याच रेमंडना फ्रान्सच्या राजाकडे दूत म्हणून धाडले. वाटेत शत्रू दबा धरून बसले आहेत असे कळताच ते जिनोव्हाकडे माघारी फिरले. कॅथरीनने त्यांची कानउघाडणी केली. रस्त्याने जाता येत नसेल तर रांगत जायचे होते, अशा आशयाचा तिचा रोख होता. तिच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच रेमंड डॉमिनिकन संघाचे प्रमुख झाले. कामाच्या धबडग्यातून सवड काढीत त्यांनी तिचे चरित्र लिहायला घेतले. ते पुरे व्हायला १३९५ साल उजाडले, आणि स्वतःची ती माघार त्यांनी त्या चरित्रातून वगळली नाही.