परवाना दारावर, अनुदान हजेरीवर

सांभाळ : लेखांक सहावा

मागच्या आठवड्यात आपण १९७१ पाशी थांबलो होतो. देशभर पाळणाघरांचं जाळं उभं करणारं विधेयक अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलं आणि अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ९ डिसेंबरला नकाराधिकार वापरून ते मोडीत काढलं. तेव्हापासून सर्वांसाठीचं सरकारी पाळणाघर ही गोष्ट अमेरिकेत नाही. आहेत ती खासगी केंद्रं, धर्मसंस्थांनी किंवा विद्यापीठांनी चालवलेली केंद्रं आणि एखाद्या बाईने आपल्याच घराच्या दोन खोल्यांत सांभाळलेली पाच-सहा मुलं. त्यांना परवाना देतं राज्य सरकार. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांची फी भरायला मोठा पैसा येतो वॉशिंग्टनहून. एकाच्या हाती शिक्का, दुसऱ्याच्या हाती तिजोरी. हे जमतं कसं आणि फसतं कुठे, ते आज पाहू.

परवाना कशाचा?

नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, म्हणून एकच राज्य घेऊ : कॅलिफोर्निया. परवाना देण्याचं काम तिथल्या समाजसेवा खात्याचा एक विभाग करतो. नियमावलीला सगळे ‘टायटल २२’ म्हणतात. तिच्यात आधी येतं माणसांचं गणित. केंद्रात तान्ह्या मुलांसाठी चार मुलांमागे एक शिक्षिका, बालवाडीच्या वयाच्या बारा मुलांमागे एक. मग जागा : आत दर मुलामागे ३५ चौरस फूट, बाहेर खेळायला ७५. त्यात स्वच्छतागृह, बोळ, कपाटाखालची जागा मोजायची नाही. शिवाय अग्निशमन दलाची मंजुरी आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या बोटांच्या ठशांवरून गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी.

या नियमांची धार तान्ह्यांच्या खोलीत कळते. एक वर्षाखालचं बाळ पाठीवरच झोपवायचं. पाळण्यात उशी नको, पांघरूण नको, कापसाचा ससा नको. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ ही आपल्याकडे मायेची खूण. तिथे केंद्रात बाळाला गुंडाळून झोपवायला बंदी आहे. पुण्याहून नेलेली, जुन्या लुगड्याची मऊ गोधडी आजीने कितीही हौसेने शिवलेली असो, ती पाळण्याबाहेरच राहते. बाळ झोपलं की दर पंधरा मिनिटांनी जवळ जाऊन त्याचा श्वास, रंग पाहायचा आणि वेळेसह नोंद करायची. झोपेत अचानक होणारे अर्भकमृत्यू आणि गुदमरणं टाळण्यासाठी ही सगळी खटपट. तपासणीला आलेल्या बाईने तो तक्ता हातात घेतला आणि घड्याळात सव्वा वाजला असताना दीडची नोंद आधीच भरलेली दिसली, तर मग पुढचं काही विचारायची गरजच उरत नाही.

दोष सापडला तर त्याची दोन वर्गांत नोंद होते. मुलाला तात्काळ धोका असेल तर ‘टाइप ए’, पुढे धोका होऊ शकेल असा असेल तर ‘टाइप बी’. ‘टाइप ए’चा अहवाल केंद्राला तीस दिवस सर्वांना दिसेल असा लावावा लागतो. त्याची प्रत पालकांना द्यायची आणि मिळाल्याची त्यांची सही घ्यायची. दंडापेक्षा हीच शिक्षा केंद्रचालकांना जास्त झोंबते.

पैशाच्या दोरीने बांधलेले नियम

परवाना हा राज्यांचा अधिकार, त्यात संघीय सरकारला थेट हात घालता येत नाही. पण नाक दाबलं की तोंड उघडतं. १९९० साली थोरल्या बुश यांच्या कारकिर्दीत बालसंगोपन अनुदानाचा कायदा झाला आणि राज्यांना दरवर्षी पैसा मिळू लागला. २०१४ साली त्याचं नूतनीकरण करताना काँग्रेसने त्याला अटी जोडल्या. अनुदान घेणाऱ्या परवानाधारक केंद्राची वर्षातून किमान एक तपासणी, तीही न सांगता. कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी-तपासणी, ती निदान पाच वर्षांनी पुन्हा. प्रथमोपचार, औषधं देणं, अन्नाची ॲलर्जी, आपत्तीत मुलांना बाहेर काढणं यांचं प्रशिक्षण. आणि तपासणीचे निकाल संकेतस्थळावर, कुणालाही वाचता येतील असे.

या अटींचं मोल कळायला आधीची स्थिती पाहावी. कॅलिफोर्नियात राज्याच्या कायद्यानुसार पाच वर्षांतून एक तपासणी झाली तरी चालत असे. म्हणजे सहा महिन्यांचं बाळ केंद्रात यायचं, तिथे बोलायला-चालायला शिकून शाळेत जायचं आणि तेवढ्या काळात तपासनिसाचं तोंडही दिसलं नाही तरी ते नियमात बसायचं.

हेच अनुदान पालकांच्या बाजूनेही काही मागतं. मूल तेरा वर्षांखालचं हवं, पालक नोकरीत, शिक्षणात किंवा प्रशिक्षणात हवेत आणि उत्पन्न राज्याच्या मध्यम उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांहून कमी हवं. राज्यं ही मर्यादा आणखी खाली ओढू शकतात, बरीच ओढतातही. एकदा पात्र ठरलं की बारा महिने पात्रता टिकते. मधल्या काळात पगार थोडा वाढला म्हणून मुलाला बाहेर काढत नाहीत. अनुदान फक्त केंद्रालाच मिळतं असंही नाही. कॅलिफोर्नियात सख्खी आजी, मावशी, आत्या यांनी मूल सांभाळलं तर त्यांनाही परवान्याशिवाय मोबदला मिळू शकतो. पर्यटक व्हिसावर नातवंडासाठी गेलेल्या आपल्या आजीला मात्र तो घेता येत नाही, कारण त्या व्हिसावर पैसे घेऊन काम करायला मनाई आहे.

हजेरीपटावरची लढाई

परवाना आणि अनुदान यांची गाठ पडते ती दाराजवळच्या टेबलावर. कॅलिफोर्नियातल्या केंद्रात मूल सोडणाऱ्याने आणि नेणाऱ्याने रोज वेळ लिहून पूर्ण सही करायची असते. आद्याक्षरं चालत नाहीत. परवाना देणाऱ्याला त्या कागदावरून कळतं की अकरा वाजता इमारतीत किती मुलं होती आणि शिक्षिका पुरेशा होत्या का. पैसे देणाऱ्याला कळतं की ज्या मुलाचं बिल लावलंय ते मूल खरोखर आलं होतं का. घाईत बाबांनी सही करायची राहिली तर मूल दिवसभर केंद्रात असूनही कागदावर नसतं.

इथेच जुना वाद उभा राहतो. पैसे हजेरीवर द्यायचे की नोंदणीवर? खासगी फी भरणारा पालक मूल आठवडाभर तापाने घरी असलं तरी महिन्याची फी भरतो, कारण शिक्षिकेचा पगार आणि जागेचं भाडं ताप येऊन कमी होत नाही. सरकार मात्र अनेक राज्यांत आलेल्या दिवसांचेच पैसे देत आलं, तेही महिना उलटल्यावर. त्यात सरकारी दर बाजारभावाच्या खाली. बाजारातल्या चारपैकी तीन जागा परवडाव्यात इतका दर द्या, अशी संघीय सरकारची शिफारस आहे. बहुतेक राज्यं तिथवर पोचत नाहीत. मग ‘भीक नको, पण कुत्रा आवर’ म्हणत बरीच केंद्रं अनुदानातली मुलं घ्यायलाच तयार होत नाहीत. २०२४ साली संघीय नियमाने सांगितलं की पैसे नोंदणीप्रमाणे आणि आगाऊ द्या, आणि पालकांचा वाटा उत्पन्नाच्या सात टक्क्यांवर जाऊ देऊ नका. केंद्रचालकांना हायसं वाटलं, तर टीकाकारांनी विचारलं : हजेरी न पाहता पैसे दिले तर चोरी पकडणार कशी?

हा प्रश्न हवेतला नाही. मिनेसोटात काही केंद्रांनी न आलेल्या मुलांची बिलं लावल्याचं खटल्यांत सिद्ध झालं. आत-बाहेर जाणाऱ्यांचं चित्रीकरण आणि बिलं शेजारी ठेवून तपास झाला. पण २०१८ साली तिथे वर्षाला दहा कोटी डॉलरची लूट होते असा आरोप दूरचित्रवाणीवर झाला, तेव्हा विधिमंडळाच्या लेखापरीक्षकांनी चौकशी केली. मार्च २०१९ च्या अहवालात त्यांनी म्हटलं की त्या आकड्याला पुरावा सापडला नाही. अनेक वर्षांत मिळून खटल्यांत सिद्ध झालेली रक्कम पन्नास-साठ लाख डॉलरच्या घरातली. मात्र फसवणूक याहून जास्त असावी आणि खात्याची देखरेख ढिली आहे, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलं.

राज्यांना दर तीन वर्षांनी आपल्या अनुदानाच्या निवडक फायली तपासून चुकांचं प्रमाण कळवावं लागतं. ते दहा टक्क्यांच्या वर गेलं तर सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. त्या चुकांत पगाराची पावती फायलीला न लावणं, तास चुकीचे मोजणं अशा गफलतीही येतात. फसवणूक आणि गफलत एकाच पोत्यात घातली की सुक्याबरोबर ओलंही जळतं : चोराला धडा मिळायचा तेव्हा मिळतो, पण पैसे थांबल्यावर आधी बंद पडतं ते घरातल्या दोन खोल्यांतलं प्रामाणिक पाळणाघर.

यातून घ्यायचं काय?

अमेरिकी अनुभवाचा माझ्या मते निष्कर्ष असा : अट पैशाला बांधली तरच ती पाळली जाते, आणि पैसा अट पाळण्याइतका असेल तरच. चार तान्ह्यांमागे एक बाई हवी म्हणायचं आणि चार मुलांच्या अनुदानातून तिचा पगार निघू द्यायचा नाही, हा नियम कागदावरच राहणार. अमेरिकेत संघीय निकषाने पात्र असलेल्या मुलांपैकी ढोबळमानाने सहातल्या एकालाच हे अनुदान पोचतं. बाकी पाचांच्या घरी आई नोकरी सोडते, नातेवाईक सांभाळतात, नाहीतर फीपायी घराचा हिशेब कोलमडतो.

आपल्याकडे २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ देण्याचा हक्क दिला. पण शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर चाललेल्या पाळणाघराला त्याचा उपयोग नाही. तिथे तपासनीस आपणच. म्हणून मूल ठेवण्याआधी चार गोष्टी विचारा : एका बाईकडे किती मुलं, आग लागली तर बाहेर पडायची दुसरी वाट कोणती, कामावर घेताना माणसांची चौकशी कशी केली, आणि न सांगता भर दुपारी आलो तर आत येऊ द्याल का. मुलगा-सून कॅलिफोर्नियात असतील तर त्यांना राज्याच्या संकेतस्थळावर केंद्राच्या नावाने गेल्या काही वर्षांचे तपासणी-अहवाल वाचायला सांगा. ते वाचायला पैसे पडत नाहीत. चौथ्या प्रश्नाला जिथे ‘नाही’ असं उत्तर येईल, तिथे मूल ठेवू नका.

(पुढच्या आठवड्यात : अंगणवाडी आणि पाळणाघर एकत्र आणणारी ‘पाळणा’ योजना)