कॅलिपर आणि पाळणा

गेल्या श्रावणातली गोष्ट. तास आटोपून मी प्राध्यापकांच्या खोलीत चहा घेत होते. इतक्यात दाराशी कॅलिपरचा खट्‌खट् आवाज आला. हा आवाज मी डोळे मिटूनही ओळखते. कारण गेली चाळीस वर्षे तो माझ्याच उजव्या पायातून येत आहे! पण मी तर बसलेली होते. पाहते तो माझी एक जुनी विद्यार्थिनी दारात उभी.

“मॅडम, मला तिसरा महिना आहे,” ती बसता बसता म्हणाली. मी तोंड भरून कौतुक करणार, तोच तिचे डोळे भरून आले. “घरी सगळे म्हणताहेत, आत्ताच मोकळी हो. हिला स्वतःला सावरता येत नाही, पोर कुठून सावरणार?”

मला माझेच दिवस आठवले. मी वर्षाची असताना, १९८० साली, एका तापात माझा पाय गेला. पुढे शिकले, नोकरी लागली, लग्न झाले. आणि २०१० च्या अखेरीस दिवस राहिले, तेव्हा घरात आनंदाआधी प्रश्नच आले. “मूलही असंच निपजलं तर?” हा आत्याबाईंचा प्रश्न. पोलिओ हा विषाणूचा रोग आहे, तो वारशाने मुलाकडे जात नाही, एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरलेल्या माणसांनाही ठाऊक नव्हती. पहिल्या डॉक्टरांनी तर माझ्याकडे न पाहता यजमानांनाच विचारले, “ठेवायचं आहे का?” जणू मी कोणी तिऱ्हाईत बाईच!

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी उंच टेबलाशी पायरी आणवली, आणि मग शांतपणे समजावले. पाय अधू असला तरी गर्भाशय अधू नसते. ते आपले काम चोख करते. पोलिओत संवेदना जात नाही, म्हणून कळाही कळतात. अडचण असते ती निराळीच. कटीची हाडे वाकडी वाढली असतील तर बाळाची वाट अरुंद होते. कण्याला बाक असेल तर वाढत्या पोटामुळे श्वासाला जागा अपुरी पडते, आणि पाठीतून भूल देणेही अवघड जाते. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच भेटून ठेवायचे, ऐन वेळी नव्हे.

सातव्या महिन्यात माझा तोल बदलला. पाय सुजले, कॅलिपरचा पट्टा लागेना. एकदा मोरीत घसरता घसरता वाचले. त्याच दिवशी यजमानांनी भिंतीला दांडी बसवली, आणि मीही मनाची लाज सोडून चाकाची खुर्ची घेतली. डोहाळजेवणाला सासूबाईंनी त्या खुर्चीलाच फुलांच्या माळा बांधल्या!

ऑगस्ट २०११ मध्ये सिझेरियन होऊन मुलगी झाली. योगायोग पाहा: देशातला नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण त्याच वर्षी, १३ जानेवारीला, पश्चिम बंगालमध्ये आढळला. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला.

अर्थात प्रत्येकीचे दुखणे सारखे नसते. कण्याला दुखापत झालेल्या बाईला कळा जाणवतीलच असे नाही. लघवीचा जंतुसंसर्ग तिला वरचेवर होतो, आणि दुखापत वरच्या भागात असेल तर रक्तदाब एकाएकी चढतो. संधिवाताच्या बाईला गरोदरपणात पुष्कळदा आराम पडतो, पण बाळंतपणानंतर दुखणे उलटते; तिची काही औषधे तर दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावी लागतात.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली. माझ्या वेळी नव्हता असा कायदा २०१६ साली झाला आहे. अतितीव्र अपंगत्वाचा अपवाद सोडला, तर दिव्यांग स्त्रीचा गर्भ तिच्या स्पष्ट संमतीवाचून पाडणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

सारे ऐकून तिने विचारले, “मॅडम, तुम्हांला भीती नव्हती वाटली?”

“वाटली ना! आणि सगळंच काही गोड झालं नाही. लेकीला कडेवर घेऊन मला कधी चालता आलं नाही. ती रडायची, आणि मी गादीवर बसून तिला हाका मारायची. त्याचं अजून वाईट वाटतं. पण रांगायला लागल्यावर ती आपण होऊन माझ्याकडे यायची.”

ठेव असे मी तिला म्हटले नाही, नको असेही नाही. तो निर्णय तिचा. मात्र तो शेजारणींच्या भीतीवर नव्हे, तर नीट तपासणीवर घ्यावा, एवढेच म्हटले. आणि त्याच आठवड्यात तिला डॉक्टरीणबाईंकडे नेले. तपासण्या झाल्या. तिने मूल ठेवायचे ठरवले.

घरी काय झाले ते मला ठाऊक नाही. पण परवा तिचा फोन आला: “मॅडम, पुढच्या तपासणीला तुम्ही नाही आलात तरी चालेल हं. सासूबाई येताहेत. त्यांना डॉक्टरांना बरंच काही विचारायचं आहे म्हणे!”